वेरिबीआजीचा बंब

माझ्या बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात मला न आवडलेली माणसं पुष्कळ झाली, पण मत्सर मी एकाच बाईचा केला, आणि तोही इतक्या नेमाने, की बीपीची गोळी एखाद्या दिवशी राहिली असेल, हा राहिला नाही. ती बाई म्हणजे तुमची वेरिबीआजी. तुमच्या आईची आई, माझी विहीणबाई. ईरा, निहार, उपनगरांवरून आज्यांना नावं ठेवायची पद्धत तुम्हीच काढलीत. निहार चार वर्षांचा होता. मेलबर्नच्या या टोकाला ग्लेन वेव्हर्लीत राहणारी मी ग्लेनआजी झाले आणि त्या टोकाला वेरिबीत मामाकडे राहणारी ती वेरिबीआजी. तेव्हापासून मी बारकाईने ऐकत आले आहे. ग्लेनआजी म्हणताना तुमचा आवाज सरळ जातो. वेरिबीआजी म्हणताना त्यात कुठून तरी हसू येऊन मिसळतं. आता तुम्ही एडिंबरा आणि टोरांटोला आहात, फोनवर आवाज तुटत तुटत येतो, तरी ते हसू मात्र पोचतं. मला ते दर आठवड्याला ऐकू येतं.

तुम्ही वाढलात माझ्या घरात. चांगल्या शाळेच्या झोनमध्ये राहायचं म्हणून तुमचे आईबाबा ग्लेन वेव्हर्ली सोडायला तयार नव्हते आणि मी तुम्हाला सोडायला तयार नव्हते. पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं शिकवून मी इथे आले होते. तुमचे डबे, पाढे, स्पेलिंग, दात घासण्याची वेळ, सगळं फ्रिजवरच्या तक्त्यात लिहिलेलं असे. शुक्रवारी मी दोन नीटनेटकी मुलं मामाकडे पाठवायची आणि रविवारी संध्याकाळी मला परत मिळायची ती केसांत बेसन माखलेली, एक मोजा हरवलेली आणि आल्याबरोबर "तिकडे परत कधी जायचं?" विचारणारी. तिकडे काय होतं? तिकडे चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. टीव्हीचा रिमोट एकदा पोळ्यांच्या डब्यातून निघाला. दुपारच्या जेवणाला साडेतीन वाजायचे आणि जेवण म्हणजे कधी कधी नुसते लाडू असायचे. साताऱ्याला या बाईने पंचवीस वर्षं घरी चकलीची भाजणी करून विकली, अर्ध्या गावाची दिवाळी तिच्या कढईतून गेली, पण कशाचंही प्रमाण विचारा, उत्तर एकच. "हाताला कळतं हो बाई." मी शिक्षिका म्हणून ती मला "बाई" म्हणते. आदराने म्हणते. त्याचाही मला राग येत असे.

सहा वर्षांपूर्वी तिला नागीण झाली. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत पट्टा उठला. तो बरा झाला, पण दुखणं गेलं नाही. "नागीण गेली हो, शेपूट आत राहिलं," असं ती सांगायची. कपडा घासला तरी आग व्हायची. गोळ्या झाल्या, मलम झालं, गोळ्यांनी चक्कर येऊन ती एकदा मामाच्या अंगणात बसली ती उठेचना. शेवटी तिच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या करून, बरेच कागद भरून, तिला औषधी कॅनबिसचं सुकं फूल लिहून दिलं. ते धूर करून ओढायचं नाही. हातात मावणाऱ्या एका यंत्रात घालायचं, यंत्र ते जळू न देता तापवतं, आणि त्याची वाफ ओढायची. फार्मसीतून डबी आली, तिच्यावर तिचं नाव छापलेलं. मी ती डबी वाचली आणि खुर्चीत बसले. ज्या वस्तूचं नाव आमच्या माहेरी कुणी मोठ्याने घेतलं नसतं, ती माझ्या विहिणीच्या पर्समध्ये, खडीसाखरेच्या पुडीशेजारी! तिला स्वतःला मात्र काही वाटलं नाही. तिने डबी उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "पाला बरा आहे. सावलीत वाळवलाय." साताऱ्याच्या नातेवाइकांना तिने कळवलं की ऑस्ट्रेलियात एक औषधी वनस्पती मिळते. यात खोटं काही नव्हतं. यंत्राचं नाव तिने बंब ठेवलं. आमच्या लहानपणी आंघोळीचं पाणी ज्यात तापायचं तो तांब्याचा बंब तुम्ही पाहिलेला नाही. तिच्या मते हा त्याचाच खापरपणतू.

आता या प्रसंगी उपयोगाला कोण यावं? मीच. तुमच्या आईने मला यंत्राची पुस्तिका दिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही जरा मराठीत लिहून द्याल का तिला?" मी तीन दिवस बसले. बारा पायऱ्या, तापमानाच्या पाच खुणा, प्रत्येकीपुढे रंगीत ठिपका. तक्ता लॅमिनेट करून आणला. वेरिबीआजीने तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरला, मनापासून कौतुक केलं. पुढच्या शनिवारी गेले तर तक्ता ओट्यावर होता आणि त्याच्यावर गरम आमटीचं पातेलं. "छान आहे हो बाई," ती म्हणाली, "अजिबात वितळत नाही."

आणि तक्ता न वाचता, पुस्तिका न उघडता, ही बाई ते यंत्र असं चालवू लागली की फार्मसीतली मुलगी तिच्याकडून टिपणं घेऊ लागली. मला सर्वांत झोंबलं ते हे. आयुष्यात ज्या बाईने कधी बरणीला झाकण धड लावलं नाही, ती बंबापुढे बसली की माझ्याहून शिस्तीची व्हायची. चिमटीएवढा पाला ती दळायच्या दातेरी डबीत घालून तीनदा फिरवायची, चौथ्यांदा नाही. मग बोटांवर घेऊन बघायची. "जाडा रवा," ती सांगायची, "बारीक नको. बारीक रवा तळाशी बसतो, वरचा कच्चा राहतो आणि खालचा करपतो." मग तो बंबाच्या तोंडात अलगद सोडायची. एकदा मी मदत म्हणून वरून बोटाने दाबायला गेले तर माझा हात धरला. "दाबू नका हो बाई, मोदक भरत नाही आपण. आतून वारा फिरायला हवा." डॉक्टरांनी सांगितलेल्या चिमटीपेक्षा कण जास्त नाही की कमी नाही, आणि दिवसातून सकाळी एकदाच. दळायचं तेही त्या वेळेपुरतंच. आदल्या दिवशी दळून ठेवलं की वास उडतो, वास उडाला की गुण उडतो, हे तिने मला मसाल्यांवरून समजावलं. मसाले महिनाभराचे कुटून, लेबल लावून ठेवते ती मी, हे तिला ठाऊक असताना.

बंब तापला की त्याचा लाल दिवा हिरवा होतो. पुस्तिका म्हणते, ओढा. मीही तक्त्यात तेच लिहिलं होतं, ठिपका सहावा. वेरिबीआजी ओढत नाही. "दिवा भांड्याचा आहे, आतल्या जिनसाचा नाही," ती म्हणते. हिरव्या दिव्यानंतर ती डोळे मिटते आणि साताऱ्याच्या आपल्या आळीतली घरं एका टोकापासून म्हणू लागते. कोपऱ्यावरचे शिंपी, मग नळावरच्या काकू, मग लाकडी जिनावाले, मग ज्यांची म्हैस सुटायची ते, असं एकेका दारावरून जात जात शेवटच्या घरापर्यंत. ते घर आलं की पहिला झुरका. मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा शिंप्यापासून. निहार, तू एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंस, "Aji, why don't you just use a timer?" त्यावर ती काय म्हणाली आठवतं? "टायमरला माझी माणसं कुठे माहीत आहेत रे?"

झुरकाही कसा, तर बशीतला गरम चहा ओठ न भाजता प्यावा तसा. सावकाश, बारीक, घाई नाही. मध्ये एकदा ती बंबाचं तोंड उघडून दातकोरणीने पाला खालीवर करायची, कढईतली डाळ परतावी तशी. तापमान दुसऱ्या खुणेवर सुरू करायचं, शेवटच्या दोन झुरक्यांना तिसऱ्यावर न्यायचं, चौथ्या-पाचव्याच्या वाटेला जायचं नाही. "भाजणी मंद आचेवरची," ती म्हणायची, "मोठ्या आचेवर नुसता धूर होतो, आणि धूर काय, उदबत्तीचाही निघतो." सगळं झालं की उरलेला पाला बशीत काढून ती मला दाखवायची. एकसारखा तपकिरी, भाजलेल्या जिऱ्यासारखा, कुठे हिरवा नाही, कुठे काळा नाही. दहापैकी दहा. आणि मग जाहीर करायची, "चला, आता माझं ड्रायव्हिंग बंद!" डॉक्टरांनी बजावलं होतं की हे औषध घेऊन गाडी चालवायची नाही. वेरिबीआजीला गाडी चालवता येत नाही. सायकलही येत नाही. पण कायदा तो कायदा, म्हणून रोज सकाळी ती ड्रायव्हिंग सोडत असे. आणि मी, जिला बाहत्तराव्या वर्षीही वेरिबीच्या वाटेवरच्या वेस्ट गेट पुलावरून गाडी नेता येते, माझं कुणाला कौतुक नव्हतं.

साफसफाईची गोष्ट तर तुम्हाला फोटोंसकट माहीत आहे. पुस्तिकेत ब्रश आणि कानात घालायच्या कापूसकाड्या सांगितल्या होत्या. तिने कापूस घेतला आणि मांडीवर वाती वळल्या. बंबाच्या तोंडासाठी फुलवात, नळीसाठी लांब वात, दोन्ही स्पिरिटात बुडवून. देवाच्या वातींचा डबा वेगळा, बंबाच्या वातींचा वेगळा, आणि त्या घरात एकमेकांत न मिसळलेल्या दोनच वस्तू मी पाहिल्या त्या या. बंब कोमट असतानाच पुसायचा, गार झाला की चिकटा धरतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून तिने त्याला लोकरीची टोपी विणली, वर गोंडा. ईरा, तू तो फोटो एडिंबराच्या सगळ्या मैत्रिणींना दाखवलास. मी तुला त्याच वर्षी पूर्ण बाह्यांचा स्वेटर पाठवला होता. त्याचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

पण खरा घाव बसला तो माझ्या बुक क्लबच्या दिवशी. दर महिन्याला पाचसहा ऑस्ट्रेलियन बायका माझ्याकडे जमतात, मी केक करते, प्रश्न टाइप करून ठेवते. त्या वेळी वेरिबीआजी आठवडाभर आमच्याकडे होती आणि मी तिला दोनदा सुचवलं होतं की आतल्या खोलीत पंखा छान लागतो. अकरा वाजता ती बाहेर आली, हातात टोपी घातलेला बंब. "What's that, love?" एकीने विचारलं. तिचा खुबा दुखत असे आणि तिलाही डॉक्टरांनी तसलंच यंत्र दिलं होतं, पण गुण येत नव्हता. वेरिबीआजीचं इंग्रजी त्या काळी वीस शब्दांचं होतं. त्यातल्या निम्म्यांत तिने व्याख्यान दिलं. "नो प्रेस. लूज. वेट, वेट. स्लो स्लो. लुक, ब्राऊन गुड. ब्लॅक नो गुड." मग त्या बाईचं यंत्र गाडीतून आणवलं, आतली जाळी उजेडात धरली, चुकचुकली, आणि पिशवीतून वात काढली. पुढचा तासभर सगळ्या बायका माझ्या गालिच्यावर बसून वाती वळायला शिकत होत्या. पुस्तक कुणी उघडलं नाही. जाताना त्या बाईने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "You're a legend, mate." पंधरा वर्षं त्या माझ्याकडे येतात. मला त्या "lovely cake" म्हणतात.

आणि शनिवारचा फोन, वेरिबीला आम्ही सगळे सकाळी जमायचो तेव्हाचा. पूर्वी तुम्ही कुठेही गेलात तरी पहिला फोन मला असायचा. बंब आल्यापासून तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. "वेरिबीआजी आहे का तिथे? बंब कसा आहे?" मग ती सांगणार, तुम्ही हसणार, ती मराठीत, तुम्ही तुमच्या मोडक्या मराठीत, वीस मिनिटं. मग फोन माझ्याकडे. "Hi Aji, all good? Okay, talk soon." मला काय, नुसतं बीपी. बीपीची गोळी पाण्याबरोबर गिळतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते गेल्या डिसेंबरमध्ये घडलं त्यासाठी. एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल काही लिहिणं प्रामाणिक होणार नाही.

ईरा, तू दहा दिवसांसाठी येणार होतीस. मी तुझी खोली लावली, दहा दिवसांचा कार्यक्रम आखला. एकच शनिवार तुझा मोकळा होता. तो मी बोटॅनिक गार्डनसाठी ठेवला होता, तू आणि मी, डबा घेऊन, तू सात वर्षांची असताना जायचो तसं. त्याच सुमारास मामाच्या न्हाणीघराचं काम निघालं आणि वेरिबीआजी दोन आठवडे आमच्याकडे राहायला आली. तू आलीस, बॅग ठेवलीस आणि दुसऱ्याच दिवशी म्हणालीस, "Glen Aji, शनिवारी मी वेरिबीआजीकडून भाजणी शिकणार आहे. तिने प्रॉमिस केलंय. Gardens some other time, okay?" मी म्हणाले, "No worries." हे दोन शब्द इथे आल्यापासून मी अनेकदा वापरले, इतके खोटे कधीच नाही.

भाजणी म्हणजे तीन तास गॅसपुढे उभं राहणं. वेरिबीआजीला ते बंबाशिवाय शक्य नव्हतं. सकाळी बंब, मग दुपारपर्यंत पाठ निवांत, असा तिचा हिशेब. शुक्रवारी दुपारी ती झोपली होती, तू बाहेर गेली होतीस, आणि मी ओटा आवरत होते. पाल्याची डबी समोर होती. तिच्यात उरलेला पाला, सोमवारी नवीन मिळेपर्यंतचा, ओबडधोबड, काड्या कुठे, फुलं कुठे. मला ते बघवेना. माझे वडील वैद्यांचं औषध घेत असत. चूर्ण नेहमी वस्त्रगाळ, पातळ कापडातून चाळलेलं, तरच अंगी लागतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मी मिक्सरचं चटणीचं भांडं काढलं. सगळा पाला दळला, जुन्या मलमलीतून चाळला, पुन्हा दळला, पुन्हा चाळला. हिरवा गुलाल व्हावा तसा झाला. तीन लहान डब्यांत भरून वर वारांची लेबलं लावली.

मला तेव्हा वाटलं की मी मदत करते आहे. निम्मं खरंही होतं. उरलेलं निम्मं असं, की उद्या तिला बरं वाटेल ते माझ्या हाताने वाटावं. ईराने विचारावं, "आजी, आज इतकी फ्रेश कशी?" आणि तिने सांगावं, "बाईंनी चूर्ण केलं ना." जाड्या रव्याचं मी चार वर्षं ऐकत होते. ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

शनिवारी तुझे आईबाबा वॉलॉंगॉंगला लग्नाला गेले होते, घरात आपण तिघीच. वेरिबीआजीने डबी उघडली. बराच वेळ आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते, खूप मन लावून. तिने चिमूटभर घेतलं, बंबात सोडलं, आळीतली सगळी घरं म्हटली, झुरका घेतला आणि पूड घशात जाऊन इतकी खोकली की तू केसांना टॉवेल बांधून धावत आलीस. दुसऱ्यांदा तर जाळीच बुजली, हवाच येईना. तिने कापूस लावून पाहिला, हलवून पाहिला, तोंड उघडून पाहिलं. चिकट गाळ. दहा वाजता तिची पाठ सुरू झाली. तिने गॅसपर्यंत जाऊन कढई ठेवली, एक हात ओट्यावर टेकला, आणि कढई तापायच्या आधीच गॅस बंद केला.

"आजी, what happened? मोडला का बंब?" तू विचारलंस.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मोडेल कशाला," ती म्हणाली. "मीच काल घाईत मिक्सरमध्ये फिरवलं गं. इतकी वर्षं करून शेवटी माती खाल्ली बघ. म्हातारपण."

आणि मी तोंड मिटलं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण निहारसाठी लिहिते. ती आतल्या खोलीत उजव्या कुशीवर पडून राहिली, दार उघडं, आणि भाजणी आम्ही दोघींनी केली, तिच्या आवाजावर. तू डाळी मोजत होतीस, मी परतत होते. "तांदूळ खाली उतरवा, आवाज बदलला!" "कुठे बदलला?" "बाई, वाद घालू नका, उतरवा!" मग हरभऱ्याची डाळ, मग उडीद, मग धणे. "वास आला. आला ना? आता अजून नऊ घरं थांबा." आणि आतून आळी सुरू व्हायची, मध्येच वेदनेने थांबायची, पुन्हा त्याच दारापासून पुढे जायची. जिरे माझ्या हातून करपले. तू इतकी हसलीस की ओट्याला धरून खाली बसलीस. "Glen Aji burnt it! Oh my God, तू कधी काही जाळत नाहीस!" तू माझ्याकडे बघून हसत होतीस, आणि ते तेच हसू होतं. मी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मला त्या दिवशी मिळालं, आणि आतल्या खोलीत कोण पडलं होतं ते आठवून मला नीट घेताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू मैत्रिणींकडे गेलीस तेव्हा आम्ही दोघी बंब साफ करायला बसलो. तिला वाकवत नव्हतं म्हणून वात माझ्या हातात होती. माझं वाक्य तयार होतं, व्याकरणशुद्ध. पण तीच आधी बोलली. "बाई, वस्त्रगाळ कुणाच्या हातचं ते मला कळत नाही होय? माझ्या हाताला इतकी एकसारखी चाळण उभ्या जन्मात जमली नसती. आणि वर वारांची लेबलं!" ती हसायला लागली आणि पाठीवर हात दाबून थांबली.

"मग तुम्ही ईराला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"ती दहा दिवसांसाठी आलीय. त्यात एका आजीवर रुसून कशाला जायचं तिने?"

मी जाळी पुसत राहिले. मग ती म्हणाली, "मला तुमचा फार हेवा वाटतो, माहीत आहे का? मुलं तुमच्याशी सगळं बोलतात. नोकरीचं, त्या मित्राचं, घराच्या लोनचं. फटाफटा इंग्रजीत. मी इथे असते आणि तुम्ही फोनवर हसता, तेव्हा मी शेजारी बसून हसते, पण कशाला हसतोय ते मला निम्मं कळत नाही. बंबाचं तेवढं मला येतं. त्यातलं त्यांना सगळं कळतं आणि मलाही सगळं कळतं. म्हणून मीच त्यांना सांगून ठेवलंय, आधी बंबाचं विचारत जा रे."

माझ्या हातातली वात तशीच राहिली. चार वर्षं मी तिच्या वीस मिनिटांवर डोळा ठेवून होते. तुम्ही दिवसा, ऑफिसातून, भांडण झाल्यावर, नोकरी गेल्यावर मला जे फोन करता, ते मी कधी मोजलेच नव्हते. ते तिने मोजले होते.

आता ती वेरिबीत आहे. या वर्षी तिची बोटं आखडू लागली आहेत, दातेरी डबी फिरत नाही. मामा सकाळी सातलाच कामावर जातो. बाकीचे दिवस तो जाण्याआधी डबी फिरवून देतो, पण तिच्या मते त्याचा रवा कधी जाड, कधी बारीक. म्हणून शनिवारी मी जाते, वेस्ट गेट पुलावरून. तीनदा फिरवते, चौथ्यांदा नाही. अलगद सोडते, दाबत नाही. ती बोटांवर घेऊन बघते आणि म्हणते, "रवा." एकदा म्हणाली, "बारीक वाटतो," तेव्हा मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही. दिवा हिरवा झाला की ती डोळे मिटते. शिंपी, नळावरच्या काकू, लाकडी जिनावाले, म्हैसवाले. त्यातली बहुतेक घरं आता रिकामी आहेत, कुलपं लागली आहेत, हे ती मला सांगते, पण म्हणताना एकही वगळत नाही. मलाही आता सगळी पाठ आहेत. मागच्या महिन्यात मी ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होते आणि शेवटच्या घराशी थांबले. ती थांबली नाही. "आणि वळणावरचं," ती म्हणाली, "लेबलांच्या बाईंचं." मग झुरका घेतला.

मी विचारलं, "हे कधीपासून?" झुरक्यात ती बोलत नाही. बशी पुढे सरकवून पाला दाखवला. एकसारखा तपकिरी.

तर मुलांनो, शनिवारी फोन कराल तेव्हा आधी तिलाच मागा. बंब कसा आहे ते विचारा. मोडक्या मराठीत चालेल, पण मराठीत विचारा, आणि वीस मिनिटांची तीस झाली तरी होऊ द्या. मी शेजारीच बसलेली असेन, हातात डबी घेऊन. नंतर फोन माझ्याकडे द्या. फार नंतर नको.